बाणभट्टाचे अरण्य आणि आपले अरण्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 मी पंडित नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत गावोगाव बदल्यांवर फिरलेला एक अधिकारी, बी. ए.ला संस्कृत होते, एवढीच माझी पुंजी. त्या पुंजीतूनच आजचा विषय काढला आहे : एका कवीने कल्पिलेले अरण्य, तेथला भूगोल आणि तेथली माणसे.

विषय चंडीगडला परका वाटू नये. येथून दिल्लीच्या वाटेने अंबाला ओलांडले की कुरुक्षेत्रालगत ठाणेसर लागते. तेच प्राचीन स्थाण्वीश्वर, हर्षवर्धनाच्या घराण्याची राजधानी. हर्षाने इ. स. ६०६ ते ६४७ या काळात राज्य केले. दक्षिणेकडे येणाऱ्या या सम्राटाला ज्याने अडविले, त्या चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या सत्तेखाली महाराष्ट्र होता, हे या सभेत सांगताना थोडा आनंद होतो. याच हर्षाच्या आश्रयाला बाणभट्ट होता. त्याची ‘कादंबरी’ अपुरी राहिली, ती त्याच्या मुलाने पुरी केली. पण तिच्या नावावरून मराठीने साऱ्या दीर्घ कथांना ‘कादंबरी’ म्हणावयास प्रारंभ केला. आपल्या नित्याच्या बोलण्यातला हा शब्द असा या परिसराशी नाते सांगतो.

या कथेच्या आरंभीच विंध्याटवीचे वर्णन येते. पूर्वसमुद्रापासून पश्चिमसमुद्रापर्यंत पसरलेले, पृथ्वीच्या कमरपट्ट्यासारखे हे अरण्य. त्यात दंडकारण्य, त्यात अगस्त्यांचा आश्रम, तेथेच रामाची पंचवटी, जवळच पंपासरोवर आणि सरोवराच्या काठी एक प्राचीन शाल्मली, म्हणजे आपली काटेसावर. तिच्या ढोलीत हजारो पोपट राहतात. आता नकाशा उघडा. परंपरेने पंचवटी नाशिकला, पंपासरोवर तुंगभद्रेच्या काठी हंपीजवळ, आणि विंध्य तर नर्मदेच्या उत्तरेस. या साऱ्या स्थळांची कवीने एकच शेजारवस्ती केली. हा भूगोल भूमापकाचा नव्हे. ऐकलेल्या, वाचलेल्या पुण्यस्थळांना एका हिरव्या शालीत गुंडाळून केलेला तो एक कल्पित प्रदेश आहे. कवीला त्याचा अधिकारही आहे.

त्या प्रदेशातली माणसे म्हणजे शबर. मातंग नावाच्या सेनापतीच्या मागे हजारोंच्या संख्येने ते शिकारीला येतात. एक म्हातारा शबर सावरीवर चढून पोपटांना मारून खाली टाकतो. बापाच्या पंखाखाली दडलेले एक पिल्लू तेवढे वाचते, आणि हे सर्व वर्णन आपण त्या पिल्लाच्याच तोंडून ऐकतो. साहजिकच ते भयाचे वर्णन आहे. या लोकांना शास्त्र नाही, विवेक नाही, मांस हाच आहार, शिकार हाच व्यायाम, असा त्याचा सूर. शबर काय बोलतात, त्यांच्या बायका दिवसभर काय करतात, मुलांना काय शिकवतात, हे आपल्याला कळत नाही. झाडांना मात्र नावे आहेत.

येथेच थांबलो तर बाणावर अन्याय होईल. त्याच बाणाचा दुसरा ग्रंथ ‘हर्षचरित’. बाण हा शोण नदीकाठच्या प्रीतिकूटचा रहिवासी. तारुण्यात तो घर सोडून भटकला, आणि आपल्या सोबत्यांची लांबलचक यादी त्याने स्वतःच दिली आहे. तीत वैद्याचा मुलगा आहे, सोनार आहे, मृदंग वाजवणारा आहे, सापाचे विष उतरविणाराही आहे. असा माणूस ‘हर्षचरिता’च्या सातव्या उच्छ्वासाच्या अखेरीस विंध्यातल्या एका वनग्रामाचे वर्णन करतो, तेव्हा लेखणीचा रंगच बदलतो. कोळसा पाडणारे लोक. लहान लहान शेताचे तुकडे, नांगराऐवजी कुदळीने खणलेले. श्वापदांच्या भयाने बांधलेली मचाणे. वाटेवर पाणपोया. धायटीची फुले, अंबाडी-ताग, मध, मेण, मोरपिसे, खैराची साल काढलेली लाकडे यांची ओझी घेऊन निघालेली माणसे, आणि रानफळांच्या पाट्या डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी विकावयास लगबगीने निघालेल्या बायका. या वर्णनात राक्षस नाहीत. येथे पोटापाण्याचा उद्योग आहे, बाजार आहे, काळजी आहे.

पुढच्या, आठव्या उच्छ्वासात हर्ष आपली बहीण राज्यश्री हिच्या शोधात या अरण्यात शिरतो. तेथे त्याच्यापुढे निर्घात नावाचा एक शबर तरुण उभा केला जातो. भेट म्हणून त्याने एक तित्तिर आणि एक ससा आणला आहे. राजा विचारतो, तेव्हा तो सांगतो की या रानात हरिणीसुद्धा आमच्या नजरेआड फिरत नाहीत, मग स्त्रियांची गोष्ट कशाला! तशी कोणी स्त्री दिसलेली नाही, पण दिवाकरमित्र नावाचा भिक्षू जवळच राहतो, त्याला ठाऊक असेल. तोच राजाला तेथवर नेतो, आणि अग्निप्रवेशाच्या तयारीत असलेली राज्यश्री वेळेवर सापडते. सम्राटाची बहीण वाचली ती ज्याला अरण्य ठाऊक होते त्याच्या वाटाडेपणामुळे. कल्पनेने पाहिले तेव्हा कवीला झुंड दिसली. जवळ जाऊन पाहिले तेव्हा नाव असलेला, उत्तर देणारा माणूस दिसला.

आता त्या दंडकारण्याकडे येतो, जे आजही नकाशावर आहे. छत्तीसगडातले बस्तर, ओडिशातले कोरापुट-मलकानगिरी, आंध्र-तेलंगणाचा काही भाग आणि आपल्या महाराष्ट्रातला गडचिरोली जिल्हा, जो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या मिळतात. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला भेटते. नाशकात जिच्या काठी आपण पंचवटी दाखवतो, तीच ही गोदावरी. साग, बांबू, मोह, तेंदू, चारोळी यांचे हे रान. येथे गोंड, माडिया, परधान, हलबा राहतात. गोंडी ही द्रविड कुळातली भाषा. तर बस्तरच्या बाजारांत चालणाऱ्या हलबीत मराठी कानाला ओळखीचे शब्द सापडतात. गोटुल ही गावाची एकत्र जमण्याची जागा. हेमलकशाला बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे माडियांमध्ये राहून गेले नाहीत, राहिले.

सरकारी माणूस म्हणून मला एक गोष्ट बोलली पाहिजे. आमच्या फायलीत जंगल म्हणजे कंपार्टमेंट क्रमांक आणि हेक्टर. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी रान सरकारचे ठरविले, आणि जो पिढ्यान्‌पिढ्या मोह वेचीत आला तो आपल्याच दाराशी उपरा ठरला. हाही एक कल्पित प्रदेशच होता, माणसे वगळून रेखाटलेला. फरक इतकाच की कवीच्या कल्पनेने कोणाचे घर जात नाही, कायद्याच्या कल्पनेने जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही चूक मान्य केली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू तोडून विकण्याचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती एप्रिल २०११ मध्ये आले. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा. दिल्लीच्या सरकारचा नोकर असूनही मला ती रुचते, कारण तिच्यामागे निर्घाताचे ज्ञान आहे : या रानात काय फिरते, ते आम्हाला ठाऊक आहे.

हे सारे आपल्याला कशासाठी सांगितले? आपणही येथे दूरचे लोक आहोत. सगळे मराठी लोक मुंबईत समुद्रकाठी राहतात, असे मानणारे शेजारी आपल्याला भेटतात आणि आपण हसतो. परंतु येथे वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या मनातला महाराष्ट्र कोणता? गणेशोत्सव, गड-किल्ले, आजोळची उन्हाळी सुट्टी. सुंदर आहे, पण तोही एका शालीत गुंडाळलेला भूगोल आहे. जेथे घरात माडिया बोलली जाते, तो महाराष्ट्र त्यात नाही. मुलांना विंध्याटवी अवश्य वाचून दाखवावी, आणि तिच्या पाठोपाठ ते मधा-मेणाची ओझी वाहणारे वनग्रामही. मंडळाच्या वाचनालयात गडचिरोलीवरची चार पुस्तके असावीत, आणि पुढील सहल कधीतरी पुण्या-मुंबईच्या पुढे वैनगंगेपर्यंत जावी, एवढी माझी विनंती आहे.

पन्नास वर्षे परप्रांतात मराठी जपणे सोपे नव्हते. ज्यांनी ते केले त्यांना वंदन करतो.