गर्भवतीच्या मनाचे क्षेमकुशल



पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या मध्ये जिते हे छोटे स्थानक लागते. इथल्या गावांतही, कोकणातल्या कोणत्याही गावाप्रमाणे, सूनबाईला दिवस गेले की सारे घर तिच्याभोवती फिरू लागते. काय खावेसे वाटते, बाळ हलते का, सारे विचारले जाते. सातव्या महिन्यात हौसेने ओटी भरली जाते. ‘तुझे मन कसे आहे?’ एवढे विचारायचे मात्र राहून जाते.

आनंदाच्या दिवसांत दुःख कसले, ही आपली समजूत. वस्तुस्थिती निराळी आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात २७० गर्भवतींचा अभ्यास केला. तो २००२मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले आणि त्यांपैकी ७८ टक्के मातांना मानसिक त्रास गरोदरपणातच जडलेला होता. दारिद्र्य आणि पतीशी बेबनाव ही त्यामागची ठळक कारणे होती. मुलगी जन्मल्यास त्यांचा भार आणखी वाढत असे. म्हणजे या दुखण्याची काही मुळे घरातच असतात.

झोप उडणे, अबोला, ‘माझ्यावाचून काय अडणार आहे?’ असे उद्गार, यांना ‘डोहाळे’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. जीव नकोसा होतो का, हे मायेने, स्पष्ट विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. १९८७पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या एडिनबरो प्रश्नावलीतील दहावा प्रश्न हाच आहे. उत्तर ‘हो’ आले, तर तिला एकटे सोडू नये. रागावू नये, उपदेश करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा रात्रंदिवस उपलब्ध आहे.

गोव्यातच पुढे नैराश्यग्रस्त २८० गर्भवतींवर एक प्रयोग झाला. त्यात प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य स्त्रिया ‘सखी’ म्हणून घरोघरी गेल्या. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सखीची सोबत लाभलेल्या मातांपैकी अधिक जणी नैराश्यातून सावरल्या.

सखी होण्यासाठी आधी पदवी लागत नाही. सासू, नणंद, जाऊ आणि सर्वांत आधी पती यांनी हे नाते स्वीकारावे. ओटी भरताना तिच्याजवळ घटकाभर बसून तिचे ऐकावे. त्या घटकेत कदाचित दोन जीव वाचतील.