मुरूडचे अण्णा

(मंदिराच्या कलशारोहणाच्या दिवशी सायंकाळी नव्या सभामंडपात झालेले भाषण)



आज देवीपुढे एखाद्या वडीलधाऱ्या पुरुषाचे स्मरण करावे, अशी समितीची आज्ञा झाली. आता गावातल्या एका वाडीच्या आजोबांचे नाव घेतले, तर दुसऱ्या वाडीची मंडळी रुसणार, हे तुम्हांला ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून जे साऱ्या रत्नागिरी जिल्ह्याचे आजोबा, त्यांच्याबद्दल बोलतो. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले अण्णा. १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवलीला जन्म, ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात देहावसान. एकशेचार वर्षांचे आयुष्य. त्यांची महर्षी ही पदवी सर्वांना पाठ आहे. मला आज घरातले आणि गावातले अण्णा सांगायचे आहेत.

घर गरिबीचे, पण ताठ कण्याचे. कर्व्यांच्या घराण्याने कोणे एके काळी बडोद्याच्या गायकवाडांना कर्ज दिले होते, असे घरात सांगत. पुढे दिवस फिरले. एकदा गायकवाडांकडून ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात आहे असे कळले. पोरांना वाटले, आपणही जावे. आईने साफ नकार दिला. ज्यांना आपल्या घराने कर्ज दिले, त्यांच्यापुढे दक्षिणेसाठी हात पसरायचा नाही, हे त्या माउलीचे म्हणणे. या लक्ष्मीबाईंच्या मुलाने पुढे सारा जन्म हात पसरला, पण स्वतःसाठी एकदाही नाही. आईची आज्ञा त्याने मोडली असे मला तरी वाटत नाही.

मुरूडच्या दुर्गादेवीच्या देवळाशी अण्णांचे नाते लहानपणापासूनचे. तिथल्या शाळेतल्या सोमण गुरुजींनी एक पद्धत पाडली होती. गावकरी देवळात जमत आणि त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवले जाई. त्या वाचनात हा मुलगा असे. देऊळ हे गावाचे डोळे उघडण्याचे ठिकाणही होऊ शकते, ही गोष्ट त्याने तिथेच पाहिली. पुढे परीक्षेला बसण्यासाठी सह्याद्री चढून हा मुलगा पायी साताऱ्याला गेला. तिथल्या साहेबाला त्याचे वय सतरा वाटेना. दाखला असूनही त्याला परत पाठवले. आल्या वाटेने पुन्हा मुरूड. हे रडगाणे म्हणून सांगत नाही. आपल्याकडच्या मुलांना आज घाटावर जायला बस असते, तेव्हा त्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली ते बी. ए. झाले. मुंबईत शिकवण्या करून पोट भरणाऱ्या या माणसाने गाव सोडले नाही. नोकरीधंद्यासाठी बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी मिळकतीतला वाटा गावासाठी काढून ठेवावा, म्हणून उभ्या राहिलेल्या ‘मुरूड फंडा’त ते पुढे होते. मुंबईकर मंडळींनो, आपल्या मंडळाची वर्गणीची वही म्हणजे त्याच जातीची गोष्ट आहे.

आता पुढचे ऐका. १८९१ साली त्यांची पत्नी राधाबाई वारली. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच साली ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. मित्र नरहरपंत जोशी यांची विधवा बहीण गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेली, हिच्याशी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांनी लग्न केले. आणि ज्या गावासाठी हा माणूस पैपै जमवत होता, त्या गावाने सभा भरवून त्याला वाळीत टाकले. घरच्यांनी आसरा दिला, तर घरालाही तोच दंड. आई आणि थोरले भाऊ यांची काय अवस्था झाली असेल! मुलगा दारात आणि आईने त्याला घरात घ्यायचे नाही.

मुरूडचे लोक वाईट होते का? नव्हते. तुमच्याआमच्यासारखेच होते. एकेकटे भेटले असते तर त्यांतल्या कितीकांचे डोळे पाणावले असते. सभा भरली, ठराव झाला, आणि कोणालाच मागे फिरता येईना. गावाचा राग असाच असतो. तो कोणा एकाचा नसतो, म्हणून तो सोडायलाही कोणी पुढे होत नाही.

अण्णांनी काय केले? १९१५ साली त्यांचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. त्यात गावावर राग काढलेला नाही. जे घडले ते शांतपणे सांगितले आहे. वादविवादात न पडता ते कामाला लागले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले. त्या माळावर झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम तिथे गेला. शहरात कॉलेजात शिकवायचे आणि चिखल तुडवत, पाठीवर सामान घेऊन, पायी आश्रमात जायचे, असा क्रम त्यांनी ठेवला. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच! १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. पण पंधरा लाख एका दिवशी येतात, त्याआधी वीस-पंचवीस वर्षे आणे-पैसे गोळा करावे लागतात.

घराला याची किंमत मोजावी लागली, हेही सांगितले पाहिजे. थोरांची चरित्रे सांगताना ते भाग आपण झाकतो. शिल्लक आश्रमाला, विमाही आश्रमाला. गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई, ज्यांना सारे बाया म्हणत, त्यांनी ‘माझे पुराण’ या पुस्तकात मनातले मोकळेपणी सांगितले आहे. पोरांच्या तोंडचा घास संस्थेला जातो, ही त्यांची तक्रार खरीच होती. तरीही त्या आश्रमासाठी वर्गणी मागत फिरल्या. सून इरावतीबाई मोठ्या विदुषी. त्यांनीही सासऱ्यांवर प्रेमाने लिहिले, पण नुसती आरती ओवाळली नाही. ज्या घरातल्या बायका इतके खरे बोलू शकतात, ते घर वडिलांनी कसे राखले असेल, याचा विचार करा.

दीर्घायुष्य म्हणजे नुसता सोहळा नव्हे. बाया १९५० साली गेल्या. थोरले चिरंजीव रघुनाथराव, ज्यांनी संततिनियमनाचा प्रचार करून स्वतः लोकनिंदा सोसली, ते १९५३ साली गेले. पंचाण्णव वर्षांच्या बापाने मुलाचा मृत्यू पाहिला.

आणि तरी काम थांबले नाही. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. जिथे शाळा नव्हती अशा खेड्यांत शाळा काढण्यासाठी हे गृहस्थ पुण्यात दारोदार फिरून पैसे जमवू लागले. खेड्याने वाळीत टाकलेला माणूस म्हातारपणी खेड्यांतल्या पोरांसाठी फिरतो आहे! १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर शंभरीचा सत्कार झाला, पंडित नेहरू आले. आज मुरूडला जाणारा माणूस त्यांचे स्मारक पाहून येतो. गावाचा राग गेला. पण तो जायला काळ लागला.

म्हणून एक गोष्ट आज बोलतो, कोणी रागावू नये. वाळीत टाकणे ही जुनी कथा नाही. २०१६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, आणि त्या वेळी आपल्या कोकणातलीच, विशेषतः रायगड जिल्ह्यातली, प्रकरणे गाजली होती. आपल्या समितीने वर्गणी घेताना एकही चूल वगळली नाही, याचा मला अभिमान आहे. पावतीपुस्तकात सगळी घरे आहेत. पण शिमग्यात देवीची पालखी ज्या दारांवरून न थांबता पुढे जाते, अशी दोन घरे आपल्या गावात आहेत. नावे घेत नाही, सर्वांना माहीत आहेत. भांडण कशावरून झाले, ते त्या भांडणातल्या निम्म्या लोकांना आता आठवतही नाही. त्या घरांचे पैसे या खांबांत आहेत, आणि त्यांतल्या एका घरची म्हातारी आज मागच्या रांगेत बसली आहे.

पालखीच्या वाटेची यादी मानकऱ्यांकडे असते. होळीपूर्वी गावाची बैठक होईल, तेव्हा ती दोन नावे यादीत घालावीत, अशी माझी देवीसमोर आणि तुम्हां सर्वांसमोर विनंती आहे. आणि दुसरे, या मंडपात संध्याकाळी आरतीआधी अर्धा तास वर्तमानपत्र वाचले जावे. चष्मा असला तर पहिले काही दिवस मी वाचीन, पुढे शाळेतल्या मुलींनी वाचावे.