व्यायामाचा सल्ला घरापर्यंत पोहोचावा

(सोलापूर येथे सरपंच, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



विहिरीत वा झाडावरून पडून, किंवा रस्त्यावरील अपघातात मज्जारज्जूस इजा झाली, म्हणजे त्याखालील अंगाची हालचाल व संवेदना कमीअधिक प्रमाणात जाते. शस्त्रक्रिया होते, माणूस घरी येतो आणि खरी परीक्षा तेथून सुरू होते. ‘व्यायाम करीत जा’ एवढे त्यास सांगितलेले असते. कोणता, किती आणि केव्हा थांबावयाचे, हे पुष्कळदा राहून जाते. घरची माणसे मायेपोटी त्यास हलू देत नाहीत. मग शय्याव्रण होतात, सांधे आखडतात.

व्यायामाने तुटलेला मज्जारज्जू सांधत नाही, हे प्रथम स्पष्ट सांगावे. खोटी आशा दाखविली, तर माणूस व्यायामही सोडतो आणि सांगणाऱ्यावरील विश्वासही. परंतु दंड व खांदे बळकट झाले, तर अनेकांना खाटेवरून चाकाच्या खुर्चीत स्वतः बसता येते. हा लाभ लहान नव्हे.

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्रौढांनी तंदुरुस्तीसाठी आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटे दम लागेल असा व्यायाम करावा. शिवाय दोनदा, हलविता येणाऱ्या प्रमुख स्नायूंसाठी बळकटीचे व्यायाम तीन-तीन आवर्तनांत करावेत. पण हे आकडे वाचून दाखविणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. ‘बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतका दम लागू द्या,’ असे सांगितले की ते समजते. पाण्याने भरलेल्या बाटल्या वजनाचे काम देतात. प्रकार व प्रमाण मात्र भौतिकोपचारतज्ज्ञांनीच ठरवावे.

धोक्याच्या खुणाही तितक्याच स्पष्ट सांगाव्यात. इजेखालील भागास नीट घाम येत नाही. म्हणून सोलापूरच्या उन्हाळ्यात व्यायाम सकाळीच, सावलीत करावा. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि एकाएकी डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम सुटला, तर थांबून ताठ बसवावे, लघवीची नळी तुंबली आहे काय ते पाहावे आणि त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. व्यायामानंतर बैठकीची त्वचा रोज तपासावी.

आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू घरोघर बोलली जाते. यंत्रमाग कामगारास किंवा विडी वळणाऱ्या भगिनीस तिच्या घरच्या भाषेतच सांगितले पाहिजे. सांगून झाल्यावर ‘समजले का?’ असे विचारू नये. त्यावर सारेच मान हलवितात. ‘आता आपण करून दाखवा,’ असे म्हणावे.

याहूनही अधिक पटते ते समदुःखी माणसाचे बोलणे. सांगली जिल्ह्यातील श्री. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले; त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पोहण्यात भारतास पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पदक सर्वांनाच मिळणार नाही. पण खुर्चीत बसलेला शेजारच्या गावचा माणूस स्वतः दंड वळवून दाखवितो, तेव्हा पाहणाऱ्याचा धीर वाढतो.

सरपंचांनी अशा दोन माणसांची गाठ घालून द्यावी. दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाच्या पाच टक्के निधीचा विचार करताना उंबऱ्यावरील उताराची आठवण ठेवावी. शिक्षकांनी सूचना मोठ्या अक्षरांत, चित्रांसह लिहून द्याव्यात. सल्ला देऊन आपले काम संपत नाही. महिन्याने त्या घरी जाऊन, तो व्यायाम चालू आहे हे डोळ्यांनी पाहावे, तेव्हाच तो पोहोचला असे म्हणता येईल.