आधी टाकीचं झाकण, मग पंप

आपल्यापैकी काही गटांनी कर्ज काढून जुना ट्रक किंवा टेम्पो घेतला आहे. हप्ता आपण भरतो, डिझेल आपण भरतो. पण बोनेट उघडलं की आपण बाजूला उभ्या राहतो आणि गॅरेजवाला सांगेल तो आकडा वहीत लिहितो. गाडी झटके देते, चढाला दम टाकते, चालूच होत नाही, तेव्हा डिझेल कुठे अडलं ते कसं शोधायचं, ते आज बोलू.

डिझेलची वाट आपल्या नळपाणी योजनेसारखी आहे. टाकीतून पाइप निघतो. छोटा फीड पंप डिझेल ओढून पुढे ढकलतो. फिल्टर ते गाळतो. मोठा पंप त्याला जोराने दाबतो आणि नोजल त्याचा फवारा इंजिनात मारतं. टाकीकडून मोठ्या पंपाकडे जावं तसा दुरुस्तीचा खर्च वाढत जातो. म्हणून तपासणी टाकीकडून सुरू करायची.

आमच्या गटाचा टेम्पो संगमनेरहून टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजाराला जातो. मागच्या पावसाळ्यात तो चंदनापुरी घाटात बंद पडू लागला. पंधरा-वीस मिनिटं उभा केला की पुन्हा चालू, थोडं पुढे गेला की पुन्हा बंद. एका गॅरेजमध्ये सांगितलं, पंप उतरवावा लागेल, वीस हजार धरा. गटाची तीन महिन्यांची बचत तेवढी होत नाही. आम्ही दोन दिवस मागून घेतले आणि ड्रायव्हरला म्हटलं, आता बंद पडली की आधी टाकीचं झाकण सैल कर. त्याने केलं, तर सूं आवाज करत हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली. झाकणाचं बारीक भोक चिखलाने बुजलं होतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं, दुसरं पाडलं की सरळ धार लागते. टाकीचंही तसंच. हवा आत गेली नाही तर डिझेल बाहेर येत नाही. भोक तारेने साफ केलं, खर्च शून्य.

आता क्रम लक्षात ठेवा. पहिलं, टाकीत काठी घालून डिझेल बघा. जुन्या गाडीच्या काट्यावर भरवसा नको. इंजिन बंद करायची तार अर्धवट ओढलेली राहिली नाही ना, तेही बघा.

दुसरं, सेल्फ मारताना धूर बघा. धूर अजिबात नाही, तर डिझेल इंजिनापर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतो पण गाडी पेटत नाही, तर डिझेल पोचतंय, जळत नाही. मग कारण दुसरीकडे शोधायचं. चालताना काळा धूर असेल तर आधी हवेचा फिल्टर झटका.

तिसरं, पाइप आणि सांधे. फीड पंपाच्या पुढे सांधा सैल असेल तर डिझेल बाहेर गळतं, हाताला ओल लागते. पण टाकी ते फीड पंप या भागात ओढ असते. तिथे चीर पडली तर गाडी चालू असताना डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू व्हायला त्रास देते, ती बऱ्याचदा यामुळे. रबरी पाइप वाकवून चिरा बघा, क्लिप आवळा.

चौथं, फिल्टर. रिकामी गाडी बरी चालते पण भरल्यावर चढाला मरते, तर फिल्टर तुंबलेला असू शकतो. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. पाणी जड, ते खाली बसतं. पाणी दिसलं तर टाकीही साफ करायची, कारण पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. पाण्याने तो झिजतो, गंजतो.

पाचवं, फिल्टर बदलला किंवा टाकी कोरडी पडली की एअर काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. आधी फेस येतो. बुडबुडे थांबून नितळ डिझेल आलं की स्क्रू घट्ट करायचा.

एवढं करूनही गाडी सुधारली नाही, तरच मोठा पंप आणि नोजल. ते काम मेस्त्रीदादांचं. मोठ्या पंपापासून नोजलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांना इंजिन फिरताना हात लावू नका. तिथला दाब ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या वीस पटीहून जास्त असतो. ती बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत तर कुठलाच सांधा स्वतः सोडू नका. तपासणी गार इंजिनावर करा, जवळ बिडी-काडी नको.

शेवटचं वहीचं काम. गाडी कधी बंद पडली, चढाला की सपाटीला, भरलेली की रिकामी, धूर कसा होता, किती वेळाने चालू झाली, हे ड्रायव्हरला विचारून त्याच दिवशी लिहा. गॅरेजमध्ये गेल्यावर ते वाचून दाखवा आणि विचारा, "दादा, झाकण, पाइप, फिल्टर आम्ही बघितलं. आता पंपच का, ते समजावून सांगा." काढलेला जुना भाग मागून घ्या.

येत्या बैठकीला गाडी दारात उभी करा आणि प्रत्येकीने झाकणाचं भोक स्वतः शोधा.