डब्यांची वही आणि दादाची वही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय ‘आपले सण आणि आपली सोसायटी’. वेळ दिलाय दहा मिनिटं. तुम्हाला माहीत आहे, दहा मिनिटांत मी जिन्यात साधी चौकशीसुद्धा पुरी करत नाही. पण प्रयत्न करते.

सणांबद्दल बोलायचं तर गणपतीचा महाप्रसाद, होळी, कोजागिरीचं गच्चीवरचं दूध, पोरांचा किल्ला, हे सगळं या स्मरणिकेत फोटोंसकट आहेच. ते मी परत सांगत नाही. ज्याचा फोटो कुणी काढत नाही त्याबद्दल बोलते. आपल्या उपविधींच्या पुस्तकात गळती आहे, पार्किंग आहे, सिंकिंग फंड आहे, थकबाकीवरचं व्याज तर आहेच आहे. कुणाच्या घरचं माणूस गेलं तर बाकीच्यांनी काय करायचं, याचं मात्र कलम नाही. ते कलम आपण 2001 साली स्वतःच केलं, आणि ते एका शंभर पानी वहीत आहे.

नवीन बिऱ्हाडांसाठी सांगते. राहायला येऊन आपल्याला जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले. सोसायटीतला पहिलाच मृत्यू. कुणाची कुणाशी धड ओळख नाही. गावाकडे असतं तर भावकीनं पिठलं-भात आणून दिला असता. इथे भावकी कुठली? पहिल्या दिवशी सात घरांतून सात डबे गेले आणि सातही डब्यांत पिठलंच. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वाटलं, काल एवढे गेले, आज कुणीतरी देईलच. आणि एकही गेला नाही. त्या संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी वही आणली, रेघा मारल्या. तारीख, सकाळ, संध्याकाळ, खोली नंबर, काय देणार. वर चार नियम लिहिले: गोड नको. तिखट बेताचं. डबा परत मागायला जायचं नाही. आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही. हा चौथा नियम माझ्याकडे बघून केला असं काही लोक म्हणतात.

त्या वहीत पुढे बाळंतपणं आली, ऑपरेशनं आली. 2020 च्या टाळेबंदीत डबे दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून बेल वाजवून खाली पळायचं, हेही त्याच वहीत आहे. पंचवीस वर्षांत तीन वह्या भरल्या. वहीत माझा खोली नंबर ‘देणार’ या रकान्यात खूपदा आहे. ‘कुणाकडे’ या रकान्यात तो पहिल्यांदा आला 2023 च्या नोव्हेंबरात. माझा दादा गेला तेव्हा.

दादा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. साताऱ्याला राहायचा, एसटीत कंडक्टर होता. दर भाऊबीजेला कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन यायचा, आणि गेटपासून आमच्या दारापर्यंत पोचेतो अर्धा पुडा वाटून संपलेला असायचा. आम्ही चौघं भावंडं. दादा, ताई, मी आणि धाकटा. वर्षातून एक दिवस चौघं एका पंगतीला बसायचो तो भाऊबीजेचा, आणि बऱ्याच वर्षी तो माझ्याकडे, कारण सगळ्यांना ठाणं मध्यावर पडायचं. असं दादा म्हणायचा. साताऱ्याहून ठाणं कुणाच्या मध्यावर पडतं देव जाणे. बासुंदी-पुरीचा बेत ठरलेला, पण त्याला सोबत मटकीची उसळ लागायचीच. ओवाळणी असायची एकशे एक रुपये, आणि ती सगळी नाण्यांत. जन्मभर लोकांशी सुट्ट्यावरून भांडलेला माणूस, ताटात नोट टाकणं त्याला जमायचंच नाही. ताट हातात पेलायचं नाही इतकं जड व्हायचं.

निवृत्त झाल्यावर त्यानं एक वही केली होती. प्रवासाची. जन्मभर प्रवास केला, पण टप्पे ठरलेले. सातारा-महाबळेश्वर, सातारा-पंढरपूर, सातारा-मुंबई. आता आपण चौघांनी जोडीनं कन्याकुमारीला जायचं, असं त्याच्या मनात होतं. आणि त्याला कारण होतं. तिथे समुद्रातल्या खडकावर विवेकानंदांचं स्मारक आहे. ते उभं करणारे एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. सरकारी पैशावर सगळं न सोडता त्यांनी देशभरातल्या साध्या लोकांकडून एकेक रुपया गोळा केला. 1970 साली स्मारकाचं उद्घाटन झालं. आमच्या वडिलांनी त्यातला एक रुपया दिला होता. प्राथमिक शिक्षक, पदरात चार पोरं. त्या महिन्यात आईनं त्यांना तो रुपया बराच ऐकवला म्हणे. दादा तेव्हा शाळेत होता, त्याला ते भांडण पाठ होतं. “आण्णांचा रुपया कुठं बसवलाय ते एकदा बघून यायचं,” हे त्याचं वाक्य आम्ही दर भाऊबीजेला ऐकायचो.

वहीत सगळं मांडलेलं. नेत्रावती एक्स्प्रेसनं ठाण्याहून तिरुवनंतपुरम, पुढे कन्याकुमारी. कोकण रेल्वेवर कुठला बोगदा कधी येतो ते सुद्धा. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, त्याच्यापुढे ‘खिडक्या लावणे’ असा शेरा. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल, उंची 64 मीटर, ‘ताईला सांगू नये’. ताईला उंचीची भीती वाटते. डब्यात कुणी काय आणायचं तेही: दशम्या वहिनी, धपाटे ताई, तिखटमिठाच्या पुऱ्या मी, लोणचं धाकट्याची बायको. धाकट्यानं फक्त पाणी भरायचं. सप्टेंबर 2023 मध्ये आठ तिकिटं काढली, पुढच्या जानेवारीची. तेव्हा 120 दिवस आधी आरक्षण मिळायचं.

त्या वर्षी कोजागिरीला दादा-वहिनी इथेच होते. 28 ऑक्टोबर. आठवतंय ना काय गोंधळ झाला होता? रात्री एकनंतर खंडग्रास चंद्रग्रहण, आणि दुपारपासूनच वेध. दूध गच्चीवर आटवायचं की नाही, यावर आपली एक अनधिकृत सर्वसाधारण सभाच झाली. निम्मे म्हणाले नको, निम्मे म्हणाले आधी पिऊन घेऊ. दादा कठड्याशी उभा राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “गाडी वेळेवर सोडा हो, ग्रहण मागनं येतंय.” दूध आठ वाजता आटलं. ज्यांना वेध पाळायचे होते त्यांनी पाळले, कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत. त्यानं दोन पेले घेतले. दुसऱ्या दिवशी सातारा गाठलं, आणि कोजागिरीनंतर सहाव्या दिवशी, 3 नोव्हेंबरला, सकाळी चहा घेताना गेला. हृदयविकार. वय सत्तर.

मी साताऱ्याला गेले ती तेराव्यापर्यंत राहिले. इथे घरी आमचे हे आणि सासूबाई. वहीचा विषय निघाला तेव्हा म्हणे कुणीतरी शंका काढली की लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक नावापुरतंच, आणि गेलेलं माणूस काही सोसायटीतलं नाही. मग पाळी लावायची का? काकू म्हणाल्या, “सुतक किती दिवसांचं ते भटजी सांगतील. आपल्याला डबा किती माणसांचा ते सांगा.” दोन माणसांचा डबा तेरा दिवस आला. मध्ये दिवाळी होती. धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, ऐन गडबडीतले दिवस, हातात चकल्यांचं पीठ. तरी एक दिवस चुकला नाही. पोरांनी मला फोन करून विचारलं, काकू, किल्ला करू ना? मी म्हटलं, करा, आणि मावळे नीट उभे करा, गेल्या वर्षी सगळे आडवे पडले होते.

तेरावा नेमका भाऊबीजेला आला. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. ताई आणि मी मागच्या सोप्यात भांडी पुसत होतो. वहिनी आली आणि दोन कापडी पिशव्या आमच्या पुढ्यात ठेवल्या. “यांनी दसऱ्यालाच मोजून ठेवलं होतं,” एवढंच म्हणाली. प्रत्येकीत दहाची दहा नाणी आणि एक रुपया. ओवाळायचं तर कुणाला? ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात, आपल्याला माहीत आहे. पण आम्हाला भाऊ होता, धाकटा समोर अंगणात खुर्च्या मोजत होता. आणि सुतकाचं घर. आम्ही काहीच केलं नाही. पिशव्या तशाच घेऊन आलो.

जानेवारीची आठही तिकिटं रद्द केली. धाकट्याचं म्हणणं होतं जायचं, दादाची इच्छा होती. ताईचं म्हणणं, वर्षश्राद्धाआधी नाही. दोघं बोलेनासे झाले, आणि इतकी वर्षं दोघांच्या मध्ये बसून गाडी रुळावर ठेवणारा माणूस तर गेलेला. मी कुणाची बाजू घेतली नाही, मला दोन्ही पटत होतं. शेवट वहिनीनं केला. “तुम्ही दोघं बोलायला लागलात की मी येईन. आधी नाही.” त्याला सात महिने लागले.

दरम्यान वहिनी माझ्याकडे दोन महिने राहिली. संक्रांत आली. आपल्या महिला मंडळाचं हळदीकुंकू, आणि घरात वहिनी. पूर्वीच्या रीतीनं ती आतल्या खोलीत बसली असती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली होती. वाचताना सगळ्यांना पटली होती. आपल्या हॉलमध्ये प्रसंग आल्यावर मात्र सगळ्यांना पटली असं नाही, हे खरं बोलायला हवं. दोन-तीन जणी आल्या नाहीत. पण काकू खाली उतरल्या, गुडघे धरत आमच्या दारात आल्या आणि वहिनीला म्हणाल्या, “चल गं, वाण मोजायला माणूस कमी आहे.” वहिनी गेली. कुंकू तिनं लावून घेतलं नाही, ते तिच्या मनाला येईना; हळद लावली, तिळगूळ घेतला, वाण घेतलं आणि खरंच सगळी वाणं मोजून दिली. चाळीस म्हणून आणलेल्या वाट्या अडतीसच निघाल्या. दुकानदाराकडून दोन वसूल केल्या तिनं. कंडक्टरची बायको.

वर्षश्राद्ध झालं, आणि 2024 च्या नोव्हेंबरात पुन्हा तिकिटं काढली. तोवर नियम बदलून आरक्षण 60 दिवसांवर आलं होतं. धाकटा म्हणाला, दादाला हा बदल मुळीच आवडला नसता. सात तिकिटं. जानेवारी 2025 मध्ये निघालो तेव्हा खालून चार घरांतून शेंगदाण्याची चटणी आली, चारही डब्यांत चटणीच. वहीत लिहून ठेवायला हवं होतं. करबुड्याला खिडक्या लावल्या. पानवलच्या पुलावर ताईला झोपवून ठेवलं होतं, तिला आजही माहीत नव्हतं, आता कळलं. ताई, तू पाठच्या रांगेत आहेस, मला दिसतंय.

कन्याकुमारीला बोटीच्या तिकिटांची लांब रांग होती. खिडकीवरचा माणूस सुट्टे मागत होता आणि लोक पाचशेच्या नोटा दाखवत होते. ताईनं आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि पर्समधनं दोन्ही पिशव्या काढल्या. खिडकीत ओतल्या. त्या माणसाचा चेहरा इतका खुलला की तमिळमध्ये तो काय बोलला ते न कळताही कळलं. पुरले नाहीत अर्थात, वरचे धाकट्यानं घातले. एक रुपयाची दोन नाणी मात्र वहिनीनं मागे ठेवून घेतली. का, ते आम्ही विचारलं नाही.

स्मारकात आतल्या ध्यानाच्या खोलीत कुणी बोलत नाही. बाहेर आल्यावर वहिनी त्या दगडी भिंतीवरून हात फिरवत चालत होती. म्हणाली, “मामंजींचा नेमका कुठला असेल हो?” भावजी म्हणाले, पायातला असेल, शिक्षकांचे पैसे पायातच जातात. ती हसली. तेराव्यानंतर तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

शेजारच्या खडकावर तिरुवल्लुवरांचा 133 फुटी पुतळा आहे. पूर्वी तिथे जायला परत बोटच लागायची, आणि पाणी कमी असलं की बोट लागायची नाही. दादानं वहीत त्यावर ‘नशिबावर’ असं लिहिलं होतं. पण आम्ही जायच्या थोडेच दिवस आधी, 30 डिसेंबरला, दोन्ही खडकांमध्ये 77 मीटर लांबीचा काचेचा पूल सुरू झाला होता. पायाखाली समुद्र दिसतो. ताई काही केल्या पाऊल टाकेना. तिचा हात कुणी धरला? धाकट्यानं. सात महिने न बोललेल्या धाकट्यानं. पलीकडे पोचल्यावर त्यानं दादाची वही काढली, ‘नशिबावर’ खोडलं आणि पुढे लिहिलं, ‘पूल झाला. चालत गेलो. सात जण.’

त्या वहीत अजून पुष्कळ कोरी पानं आहेत. पुढचं पान धाकट्याने हम्पीसाठी धरलंय.

कार्यवाह घड्याळ दाखवताहेत, तेव्हा कामाचं सांगते. डब्यांची चौथी वही आजपासून सुरू होतेय, ती मागे पाण्याच्या पिंपाजवळच्या टेबलावर ठेवली आहे. काकूंना आता रेघा मारता येत नाहीत, डोळ्यांचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात. त्यामुळे पहिलं नाव ‘कुणाकडे’ या रकान्यात त्यांचंच आहे. बी विंगमधल्या ज्या पाच नवीन बिऱ्हाडांचे नंबर अजून वहीत नाहीत, त्यांनी जेवायला बसण्याआधी ते लिहावेत. स्वयंपाक येत नसेल तरी चालेल, इडल्या विकत आणून दिल्या तरी चालतात. फक्त काय देणार ते आधी लिहा, नाहीतर परत सगळीकडनं पिठलंच जाईल.