कुलपातली पिस्तुलं आणि त्यांच्या तीन गोष्टी

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या भागात आपण मामा तलावांवर बोललो होतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण फिरून आपण त्या तलावापाशीच येणार आहोत.

२०२४ साली आपल्याकडे दोन निवडणुका झाल्या. लोकसभेचं मतदान १९ एप्रिलला आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. त्या वर्षी मी दोनदा पोलीस ठाण्यात गेलो, हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीत आमच्या आबाजींचं पिस्तूल. आचारसंहितेत शस्त्र जमा करायला सांगतात, ते करायला गेलो होतो. दुसऱ्या वेळी ठाणे अंमलदार म्हणून एक तरुण पोरगा होता. त्यानं नंबर लिहून घेतला आणि सहज विचारलं, "काका, हे चालते का अजून?"

मला सांगताच येईना! पन्नासेक वर्षं मी ते पाहतोय, पुसतोय. पण ते घरात का आहे, हे मला तरी नीट कुठं ठाऊक होतं? म्हणून मग भंडारा जिल्ह्यातल्या आणखी दोन परवानाधारकांच्या घरी जाऊन बसलो. त्यांची नावं, गावं सांगणार नाही. शस्त्र कुणाच्या घरात आहे, ही गावभर करायची गोष्ट नाही.

पहिली गोष्ट तुमसरकडच्या भाताच्या व्यापाऱ्याची. त्यांच्याकडे बेल्जियमचं ब्राउनिंग आहे, १९१० चं मॉडेल, बत्तीस बोअरचं. लहानसं, चपटं, सदऱ्याच्या खिशात मावेल असं. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसानं ते घडवलं. १९१४ मध्ये साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या याच मॉडेलच्या पिस्तुलातून. आणि त्याआधी, डिसेंबर १९०९ मध्ये, नाशिकला अनंत कान्हेरेंनी जॅक्सनला मारलं तेही ब्राउनिंगच्याच पिस्तुलानं. तर असं हे इतिहासातलं घराणं!

पण तुमसरच्या पिस्तुलाची गोष्ट गोळीची नाही, किल्लीची आहे. त्या गृहस्थांचे वडील बाजारची रोकड घेऊन रात्री-बेरात्री परतायचे, म्हणून पिस्तूल घेतलं. एकदा हिशेबावरून हमालाशी भांडण झालं. शब्दाला शब्द वाढला आणि त्यांचा हात गादीजवळच्या खणाकडे गेला. खण उघडला. आणि तसाच बंद केला. संध्याकाळी घरी आले आणि किल्ली बायकोच्या हातात दिली. म्हणाले, "हे आता तुह्याजवळ ठेव." त्या दिवसापासून पिस्तुलाची किल्ली त्या घरच्या बाईकडे. आधी सासूकडे होती, आता सुनेकडे आहे. परवाना तेवढा पुरुषाच्या नावावर.

दुसरी गोष्ट पवनीकडच्या एका काकूंची. त्यांचे यजमान गेले. आता बघा, आपल्याकडे शेत वारसाला मिळतं, घर मिळतं, पण परवाना असा आपोआप मिळत नाही. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नाही. माणूस गेला की घरच्यांनी शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. काकूंनी ते जमा केलं. दोन्ही मुलं बाहेरगावी नोकरीला, दोघांनाही ते नको.

मग विकायचं का? तर ऐंशीच्या दशकात परदेशी शस्त्रांच्या आयातीवर बंधनं आली आणि तेव्हापासून देशात आधीच असलेल्या जुन्या विलायती पिस्तुलांचे भाव फार वाढले. काकूंनाही चांगले पैसे सांगितले गेले. त्या म्हणाल्या, "पैसे कोणाले नको बाबू? पन हे कोनाच्या हातात जाईल, तो रागीट आहे का दारू पेते, हे मले कोन सांगन?" काकूंचा निर्णय अजून व्हायचा आहे. मी सल्ला दिला नाही. देऊच शकलो नाही.

तिसरी गोष्ट आमच्या घरची.

आमच्याकडचं पिस्तूल वेब्ली अँड स्कॉट. बर्मिंगहॅमची कंपनी, बोअर बत्तीसच. १९११ मध्ये लंडनच्या पोलिसांनी हेच मॉडेल घेतलं होतं. मूठ जवळजवळ सरळ काटकोनात, घोडा मागं बाहेर दिसणारा. नळीवर मुकुटाची बारीक खूण आहे. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये जास्तीची दारू भरून नळी तपासायचे आणि टिकली तरच ती खूण उमटवायचे.

आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं असं, की आबाजींनी एका गोऱ्या साहेबाला वाघाच्या तावडीतून सोडवलं आणि साहेबानं खूश होऊन कमरेचं पिस्तूल काढून दिलं. लग्नात, तेरवीत, पाहुणे जमले की ही गोष्ट व्हायचीच. मीही माझ्या मुलांना सांगितली, थोडी तिखटमीठ लावून.

ठाण्यातून आल्यावर मी जुनी ट्रंक काढली. आबाजींचा पहिला परवाना सापडला. साल १९५३. शिक्का मध्य प्रदेश शासनाचा, कारण १९५६ पर्यंत भंडारा मध्य प्रदेशात होता. आत स्वच्छ अक्षरात नोंद, की शस्त्र नागपूरच्या विक्रेत्याकडून विकत घेतलं. साहेब नाही, वाघही नाही.

मी पुष्कळ वेळ त्या तारखेकडे बघत बसलो. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. गाव गेलं, वसुली गेली, ज्या तलावाचं पाणी आबाजी वाटून द्यायचे तो तलावही सरकारजमा झाला. आणि दोन वर्षांनी या माणसानं नागपूरला जाऊन दुसऱ्या कुणाचं वापरलेलं पिस्तूल विकत घेतलं. कशासाठी? शिकारीसाठी तर नव्हेच, त्यासाठी घरात बंदूक होती. मला वाटतं, लोकांनी रामराम घालणं कमी केलं होतं, ते त्यांना सोसलं नसावं. कमरेला काहीतरी हवं होतं. विकत घेतलं म्हणायची लाज वाटली असेल, म्हणून साहेब आला आणि साहेबामागून वाघ आला.

खरं सांगू, साहेबाच्या गोष्टीतल्या आबाजींचा मला अभिमान होता. या परवान्यातल्या आबाजींची मला माया वाटली.

यंदा मला सत्तर पूर्ण झाली. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सत्तरी झालेल्या किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलेल्या माणसाला हयातीतच वारसाचं नाव सुचवता येतं. त्या वारसाला रीतसर अर्ज करावा लागतो, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. मुलाला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणाल तर घेतो." मी म्हटलं, असं नको. माझ्या शब्दासाठी घ्यायची ही वस्तू नाही. तुला स्वतःला सांभाळायचं असेल तरच घे, नाहीतर मी असतानाच रीतसर जमा करू. काकूंवर आली ती वेळ तुझ्या आईवर नको.

तो विचार करतोय. तोवर मी एक काम केलं. दोन पानं लिहिली. पिस्तुलाचा नंबर, परवान्याचं साल, मालगुजारी, तलाव आणि वाघ कुठून आला तेही. ती पानं परवान्याच्या कागदांत ठेवली. पिस्तूल घरात राहो की जावो, पानं राहतील.

तुमच्याही घरात आजोबांचं असं काही असेल. तलवार असेल, बंदूक असेल, नुसती काठीही असेल. तिची गोष्ट सांगण्याआधी एकदा ट्रंक उघडून बघा. आणि काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा.

येतो मग. रामराम.