ध्वनिलहरींतील अक्षरें

मिरकरवाड्याच्या बंदरांत नांगरलेल्या होडीवर संध्याकाळीं रेडिओ लावला म्हणजे ऐकणाऱ्यास गाणें ऐकूं येतें. एफ्. एम्. लहरीवरून त्या गाण्यास यत्किंचितहि धक्का न लावतां अक्षरेंहि धाडतां येतात, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें.

ह्या ध्वनिक्षेपणांत सेकंदास १५ हजार कंपनांपर्यंतचाच ध्वनि घेतात. १९ हजारांवर स्टीरिओसाठीं एक मार्गदर्शक स्वर असतो, आणि त्याच्या बरोबर तिप्पट, म्हणजे ५७ हजारांवर, एक क्षीण लहर बसवितात. ती कानास ऐकूं येत नाहीं. तिच्यावरून शून्य आणि एक ह्या दोनच चिन्हांची रांग सेकंदास ११८७.५ ह्या वेगानें चालते. युरोपीय ध्वनिक्षेपण संघानें १९८४ सालीं प्रसिद्ध केलेली ही योजना ‘रेडिओ डेटा सिस्टिम’ ह्या नांवानें ओळखली जाते.

चिन्हें २६-२६ च्या तुकड्यांनीं निघतात. त्यांतील १६ मजकुराचीं आणि १० ताळा पाहण्याचीं. आंबा घाटाच्या वळणांत आवाज खरखरूं लागला तरी माणसाचा कान शब्द जुळवून घेतो. यंत्रास तेवढी रसिकता कोठली! किरकोळ चूक तें दुरुस्त करूं शकतें; त्यापुढें ताळा जमला नाहीं कीं सबंध तुकडा टाकून देतें. म्हणून केंद्राचें नांव पुनःपुन्हां पाठवावें लागतें.

ह्या नांवास जागा आठच अक्षरांची, आणि मूळ योजनेच्या अक्षरसंग्रहांत देवनागरीस स्थानच नाहीं. रोमन लिपींत ‘रत्नागिरी’ लिहिलें तर अक्षरें होतात नऊ, ‘आकाशवाणी’चींहि नऊच! कोठें तरी कात्री लावणें आलें. नांवाचें हें हंसण्यावारी नेतां येईल, इशाऱ्याचें नाहीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां दापोली-मंडणगड भागांतील वीज गेली. अशा वेळीं सेलवर चालणारा लहान संच उपयोगीं पडतो. परंतु ६४ रोमन अक्षरांत कोंबलेला इशारा मराठीच वाचणाऱ्या नाखव्यानें कसा वाचावा? नव्या सुधारणेंत कोणतीहि लिपि पाठवितां येते. मात्र जुन्या संचांस ती उमगत नाहीं.

लिपीवांचून चालणारा एक मार्ग मूळ योजनेंतच आहे. कार्यक्रमाचा प्रकार ० ते ३१ ह्या अंकांनीं कळवितात, आणि त्यांपैकीं ३१ हा अंक संकटासाठीं राखलेला आहे. तशी रचना असलेला संच निजलेल्या अवस्थेंत असला तरी तो अंक येतांच आपण होऊन बोलूं लागतो.